होमोसिस्टीन : आरोपी की साक्षीदार?

१९३३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका आठ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची हकीकत छापून आली. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तो दाखल झाला होता. डोकेदुखी, उलट्या, गुंगी आणि मग शरीराची एक बाजू लुळी. शवविच्छेदनात मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या जाड, कठीण आणि अरुंद झालेल्या आढळल्या. सत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्याच्या असाव्यात तशा. आठ वर्षांच्या पोराला असा अर्धांगवायू का व्हावा, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. हकीकत छापली गेली, धमन्यांचे नमुने रुग्णालयाच्या संग्रहात गेले आणि विषय तिथेच थांबला.

पस्तीस वर्षांनी त्याच शहरात डॉक्टरांच्या एका बैठकीत एका नऊ वर्षांच्या मुलीची चर्चा चालली होती. तिच्या डोळ्यांतील भिंगे जागेवरून सरकली होती, बौद्धिक वाढ मंद होती आणि लघवीत होमोसिस्टीन नावाचे द्रव्य सापडले होते. त्याच कुटुंबात आधीच्या पिढीतला एक मुलगा असाच आजारी पडून गेला होता, हेही कळले. तो मुलगा म्हणजे १९३३ च्या हकीकतीतला मुलगा! किल्मर मॅककली या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने संग्रहातले जुने नमुने शोधून काढले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. धमन्यांच्या भिंती खरोखरच जाड झाल्या होत्या. पण जे हमखास दिसायला हवे होते ते कोलेस्टेरॉल आणि चरबी यांचे साठे मात्र तिथे नव्हते.

पुढची कथा समजण्यासाठी होमोसिस्टीनची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. १९३२ साली बुट्झ आणि व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी मेथिओनीन हे अमिनो आम्ल तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवले. त्यातून गंधक असलेला एक नवा पदार्थ मिळाला. प्रथिनांत नेहमी आढळणाऱ्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी त्याचे फार साम्य होते, फक्त साखळीत एक कार्बन जास्त. म्हणून नाव होमोसिस्टीन. (द्यू विन्यो यांना पुढे १९५५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते गंधकयुक्त जैविक संयुगांवरील कामासाठी.) हे अमिनो आम्ल प्रथिनांच्या बांधणीत वापरले जात नाही. आपण खाल्लेल्या डाळी-दुधातले मेथिओनीन शरीराला आपला मिथिल गट देऊन टाकते आणि मागे उरते ते होमोसिस्टीन. म्हणजे ते वाटेतले एक स्टेशन आहे.

मनमाड जंक्शन डोळ्यांसमोर आणा. गाडी आली, आता पुढे दोन मार्ग. एक मार्ग परत मेथिओनीनकडे जातो. या मार्गावर फोलेट हे जीवनसत्त्व मिथिल गट आणून देते आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तो उतरवून होमोसिस्टीनवर चढवते. दोघांपैकी एक हमाल गैरहजर असला तरी काम अडते. दुसरा मार्ग पुढे सिस्टीनकडे जातो आणि त्यासाठी लागणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, बी-६ या जीवनसत्त्वाची मदत लागते. कोणताही मार्ग बंद पडला की जंक्शनवर डबे साचू लागतात आणि अखेर यार्डाबाहेर येतात. हे यार्डाबाहेर आलेले डबे म्हणजे रक्तात वाढलेले होमोसिस्टीन. निरोगी माणसात त्याचे प्रमाण साधारणतः लिटरमागे ५ ते १५ मायक्रोमोल असते.

१९६२ साली उत्तर आयर्लंडमध्ये नीना कार्सन आणि डेस्मंड नील हे डॉक्टर मतिमंद मुलांच्या लघवीची तपासणी करत होते. दोन बहिणींच्या लघवीत त्यांना होमोसिस्टीनचे जोडरूप सापडले. त्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातही असाच एक रुग्ण मिळाला. १९६४ मध्ये हार्वी मड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, या मुलांच्या यकृतात सिस्टीनच्या मार्गावरचे पहिले विकर काम करत नाही. दोष आनुवंशिक. अशा रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीन १०० च्याही वर जाते, आणि ऐन तारुण्यात रक्ताच्या गुठळ्या होऊन त्यांतले कितीतरी दगावतात.

आता पुन्हा मॅककलींकडे वळू. एका कुटुंबावरून निष्कर्ष काढता येत नाही. या मुलांच्या रक्तात होमोसिस्टीन तर वाढतेच, पण ते परतीच्या मार्गाने सारखे मागे फिरत राहिल्यामुळे मेथिओनीनही वाढते. मग धमन्या बिघडवल्या कोणी? होमोसिस्टीनने की मेथिओनीनने? नेमक्या याच वेळी जेमतेम दोन महिन्यांच्या एका बाळाच्या मृत्यूची माहिती मॅककलींना मिळाली. या बाळाचा दोष वेगळाच होता. त्याचे शरीर बी-१२ नीट वापरू शकत नव्हते, म्हणजे परतीचा मार्ग बंद होता. साहजिकच होमोसिस्टीन वाढलेले, पण मेथिओनीन मात्र कमी. मॅककलींनी त्या बाळाच्या धमन्या तपासल्या. त्याही तशाच जाड झालेल्या!

हा युक्तिवाद वर्गात फळ्यावर जरूर मांडून पाहावा. पहिला रुग्ण : होमोसिस्टीन जास्त, मेथिओनीन जास्त, धमन्या खराब. दुसरा रुग्ण : होमोसिस्टीन जास्त, मेथिओनीन कमी, धमन्या खराब. नववीचा विद्यार्थीसुद्धा मेथिओनीनच्या नावावर काट मारील. प्रयोगशाळेत मुद्दाम रचूनही इतका सुबक प्रयोग जमला नसता, आणि इथे तो दोन लेकरांच्या मृत्यूने घडवला होता.

१९६९ मध्ये मॅककलींनी हे 'अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजी'त प्रसिद्ध केले, आणि इथे त्यांनी एक मोठी उडी घेतली. या दुर्मिळ आजारात फार मोठ्या प्रमाणातले होमोसिस्टीन धमन्या झपाट्याने बिघडवत असेल, तर तुमच्या-आमच्या रक्तातले किंचित वाढलेले होमोसिस्टीन तेच काम चाळीस-पन्नास वर्षांत सावकाश करत नसेल कशावरून?

तो काळ कोलेस्टेरॉलचा होता. संशोधनाचा पैसा, औषध कंपन्यांचे लक्ष, डॉक्टरांचे बोलणे, सारे त्याच्याभोवती. मॅककलींच्या कल्पनेला थंड प्रतिसाद मिळाला. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस हार्वर्डमधली त्यांची जागा आणि प्रयोगशाळा गेली. दोनेक वर्षांच्या शोधानंतर १९८१ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांना काम मिळाले.

मधल्या काळात कल्पना मात्र मेली नाही. १९७६ मध्ये सिडनीचे विल्केन दांपत्य हृदयरोग्यांना मेथिओनीन पाजून त्यांच्या रक्तात काय साचते ते पाहत होते. ऐंशीच्या दशकात मोजणीच्या चांगल्या पद्धती आल्या. आणि १९९२ मध्ये अमेरिकेतल्या १४,९१६ पुरुष डॉक्टरांच्या पाहणीचा निष्कर्ष आला : ज्यांचे होमोसिस्टीन सर्वांत वरच्या पाच टक्क्यांत होते त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट. त्यानंतर निबंधांचा पूर लोटला. १९९५ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून असा अंदाज मांडला गेला की, हृदयधमनी-विकाराच्या एकूण धोक्यापैकी दहाएक टक्के वाटा होमोसिस्टीनचा असावा. १९९७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक पुरवणीत मॅककलींच्या पडण्या-उठण्यावर मोठा लेख आला. उपेक्षित शास्त्रज्ञ अखेर जिंकला, अशी ती कथा होती, आणि अशा कथा आपल्याला फार आवडतात.

शिवाय उपाय किती स्वस्त! फोलिक आम्लाची गोळी काही पैशांत मिळते, आणि ती घेतली की होमोसिस्टीन उतरते, यात कोणाचेच दुमत नव्हते.

या फोलिक आम्लाच्या कुळकथेत आपल्या मुंबईला मानाचे स्थान आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या कामगार स्त्रियांना गरोदरपणी एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. हाफकिन संस्थेत काम करताना विल्सबाईंनी या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. त्यांच्या निबंधांवर मेहता आणि तळपदे ही नावे सहलेखक म्हणून आहेत. जंतुसंसर्गाचा काही पुरावा मिळेना. ज्या बायकांच्या पानात भाजीपाला, फळे, दूध क्वचितच पडे, त्यांच्यात आजार जास्त. उंदीर आणि माकडांवरचे प्रयोग झाले, आणि अखेर मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने रोगी स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या काळी एका वेगळ्या, घातक रक्तक्षयावर यकृताचा अर्क देत असत. विल्सबाईंना असे आढळले की, यकृताचा कच्चा अर्क आपल्या कामी येतो, पण तोच शुद्ध केला की निरुपयोगी ठरतो. म्हणजे घातक रक्तक्षय बरा करणारे द्रव्य निराळे आणि हे निराळे. या अनामिक द्रव्याला 'विल्स घटक' म्हणू लागले. १९४१ मध्ये टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक वापरून ते वेगळे काढले आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल म्हटले. १९४५ मध्ये लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या बनवले गेले, त्या गटाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. आणि घातक रक्तक्षयावरचे ते दुसरे द्रव्य १९४८ मध्ये हाती आले. ते म्हणजे बी-१२.

१९४५ ते १९४८ या तीन वर्षांत एक गोष्ट घडली, तिची आठवण ठेवावी. हाताशी आलेले फोलिक आम्ल डॉक्टरांनी घातक रक्तक्षयाच्या रुग्णांनाही देऊन पाहिले. रक्त सुधारले. पण कितीतरी रुग्णांच्या मज्जातंतूंचा ऱ्हास चालूच राहिला, क्वचित वाढला. कमतरता बी-१२ची होती. फोलिक आम्लाने रक्ताचे लक्षण झाकले, इतकेच.

हे सारे पुस्तकात छापलेले होते, आणि मी ते वाचलेही होते. तरीही २००४ साली, पीएच.डी.चा विद्यार्थी असताना, मी ही चूक घरात केली.

माझे वडील निवृत्त शाळामास्तर. घरात पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार, आणि दूध म्हणाल तर चहापुरते. माझ्या विषयाच्या उत्साहात मी त्यांचे होमोसिस्टीन तपासून घेतले. ३६ निघाले. मी घाबरलो आणि कोणत्याही डॉक्टरांना न विचारता त्यांना फोलिक आम्लाच्या गोळ्या सुरू केल्या. चार महिन्यांनी आकडा थोडा उतरला, तेव्हा शास्त्राचा उपयोग घरी करून दाखवल्याचा मला अभिमानही वाटला. बी-१२ तपासण्याचे मनातही आले नाही. दीड वर्षाने दादा म्हणू लागले, "पायाला मुंग्या येतात रे. चप्पल पायातून निसटते आणि चार पावले गेल्यावर कळते." रक्ताची तपासणी केली, हिमोग्लोबिन उत्तम. आणखी काही महिने गेले. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी काट्याने तळपाय टोचून पाहिला, कंप पावणारा चिमटा घोट्यावर धरला आणि विचारले, "बी-१२ केव्हा पाहिले होते?"

त्याच सुमारास, एप्रिल २००६ मध्ये, 'न्यू इंग्लंड जर्नल'च्या एकाच अंकात दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. नॉर्वेत नुकताच झटका येऊन गेलेल्या ३,७४९ रुग्णांपैकी काहींना ब गटातली जीवनसत्त्वे आणि काहींना लटकी गोळी दिली होती. दुसऱ्या चाचणीत ५,५२२ रुग्ण पाच वर्षे पाहिले होते. होमोसिस्टीन अपेक्षेप्रमाणे उतरले. नॉर्वेत तर २७ टक्क्यांनी. पण हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू? त्यांत फरक नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या दर शुक्रवारच्या वाचनात हे निबंध मांडायची पाळी माझी होती. अशी निराशाजनक बातमी २००४ मध्येही एका चाचणीतून आली होती, पण ती मी नजरेआड केली होती. या वेळी ते शक्य नव्हते. २०१० मध्ये १२,०६४ रुग्णांच्या आणखी एका चाचणीनेही हेच सांगितले.

मग १९९२ ची ती तिप्पट संख्या खोटी होती का? मुळीच नाही. जास्त होमोसिस्टीन आणि हृदयविकार बरोबर आढळतात, हे खरेच आहे. पण बरोबर आढळणे वेगळे आणि एकाने दुसरे घडवणे वेगळे. मूत्रपिंडाचे काम मंदावले की होमोसिस्टीन वाढते. मूत्रपिंड बिघडले की हृदयाचा धोकाही वाढतो. धूम्रपानाचे तेच, वयाचे तेच. गुन्हा घडला तिथे होमोसिस्टीन हजर होते. पण हजर असणारा प्रत्येक जण आरोपी नसतो, साक्षीदारही असतो. निसर्गाने एक चाचणी स्वतःच करून ठेवली आहे. फोलेटच्या मार्गावरच्या एका विकराचे जनुक काही लोकांत थोडे वेगळे असते, हे १९९५ मध्ये कळले होते. अशा लोकांत जन्मभर होमोसिस्टीन थोडे जास्त राहते. ते खरेच आरोपी असते, तर या मंडळींना हृदयविकार अधिक व्हायला हवा. २०१२ मध्ये आधी अप्रकाशित असलेली मोठी माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा लक्षात घेण्याजोगा फरक मिळाला नाही.

तरीही निर्दोष सुटका करण्याची घाई मी करणार नाही. जन्मजात दोष असलेल्या रुग्णांत होमोसिस्टीन उतरवल्याने गुठळ्यांचे प्रमाण स्पष्टपणे घटते. तिथे मॅककली बरोबरच होते. अर्धांगवायूच्या बाबतीतही चित्र निराळे आहे. चीनमध्ये रक्तदाब असलेल्या २०,७०२ लोकांच्या चाचणीत (२०१५) रक्तदाबाच्या औषधाबरोबर फोलिक आम्ल घेणाऱ्यांत अर्धांगवायूचे प्रमाण ३.४ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आले. अमेरिकेत १९९८ पासून धान्याच्या पिठात फोलिक आम्ल मिसळणे सक्तीचे आहे, चीनमध्ये तसे नव्हते. ज्याच्या पानात मुळातच कमी, त्याला दिल्यावर उपयोग होतो, असा त्याचा सरळ अर्थ दिसतो. अमेरिकेतली ती सक्तीही हृदयासाठी नव्हती. गर्भाच्या पाठीच्या कण्यातील जन्मदोष टाळण्यासाठी होती, आणि त्या कामी फोलिक आम्लाचा उपयोग १९९१ मध्ये निर्विवाद सिद्ध झाला होता. तेव्हा गरोदर स्त्रीला दिलेली गोळी या वादात ओढू नये.

आपल्याकडे मात्र हा साक्षीदार काही वेगळेच सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्येच पुण्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ निरोगी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. खेडे, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग असे तीन गट. ५८ टक्के पुरुषांचे होमोसिस्टीन १५ च्या वर आणि ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात तर ७९ आणि ८१ टक्के! फोलेटचा दोष त्यात अगदीच थोडा होता, कारण भाजी-डाळ आपल्या ताटात असते. बी-१२ मात्र कोणतीच वनस्पती बनवत नाही. ते जिवाणू बनवतात आणि दूध, अंडी, मासे, मांस यांतून आपल्यापर्यंत पोहोचते. शाकाहारी पुरुषांत ते कमी असण्याचा धोका ४.४ पट होता. मांसाहारी म्हणवणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. महिन्यातून एकदा मटण खाणारा कागदोपत्रीच मांसाहारी असतो.

त्याच गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा १९९३ पासून पाठपुरावा केला आहे. त्यातून २००८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा की, गरोदरपणी ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. हा निबंध वाचताना मला माझ्या वडिलांच्या गोळ्यांची बाटली आठवली.

आज गावोगावच्या प्रयोगशाळा 'संपूर्ण तपासणी'च्या पॅकेजमध्ये होमोसिस्टीन घालतात आणि अहवालात ते हृदयाच्या मथळ्याखाली लाल अक्षरांत छापतात. ओळखीतली शिक्षक मंडळी असा कागद घेऊन माझ्याकडे येतात, चेहरे उतरलेले असतात. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवतो आणि बी-१२ची चौकशी करायला सांगतो. तो लाल आकडा चुकीच्या मथळ्याखाली छापला जातो, असे माझे मत आहे.

दादांना बी-१२ची इंजेक्शने दिली. वर्षभरात होमोसिस्टीन १३ वर आले. हृदयाचा धोका त्याने किती कमी झाला, असे त्यांनी एकदा विचारले होते. मला सांगता आले नाही. मुंग्या पुष्कळ कमी झाल्या, पण डाव्या पायाची दोन बोटे अजून बधिर आहेत. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. जिना उतरताना चप्पल पायात आहे की नाही, हे त्यांना खाली न पाहता कळते.